जुन्या संगणकांचे भजनी मंडळ

महाराष्ट्रात मंडळ काढायला चार माणसे, एक सतरंजी आणि एक पावतीपुस्तक पुरते. ते चालवायला काय लागते, हे मात्र साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी कळू लागते. तोवर उत्साही चिटणीसाची बदली झालेली असते, खजिनदाराचे नि अध्यक्षांचे बिनसलेले असते आणि कपाटाची किल्ली नक्की कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. गणेशोत्सव मंडळांपासून वाचनालयांपर्यंत सगळ्यांचीच ही कथा. पण जुन्या, वापरातून केव्हाच गेलेल्या संगणकांची हौस असणाऱ्यांचेही मंडळ असू शकते, हे ऐकले की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘‘पण त्याचा उपयोग काय?’’ पुण्यातल्या आमच्या सात-आठ जणांच्या गटाला हा प्रश्न महिन्यातून निदान एकदा तरी ऐकावा लागतो, आणि तोही बहुधा घरातूनच. ‘‘अहो, त्या माळ्यावरच्या पेट्या हलणार आहेत का कधी?’’ हा त्या प्रश्नाचाच घरगुती पाठभेद.

उपयोगाचे पुढे सांगतो. त्याआधी, असा गट टिकतो कशाने, याचा विचार करू. माझे मत असे की, यंत्रे मिळवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे आणि पैसा हा फार तर दुसरा. गट टिकतो तो कंटाळवाणी कामे वाटून घेतल्यामुळे, आणि एकाला जे येते ते दुसऱ्याच्या हाती वेळेवर गेल्यामुळे. ज्यांनी हे केले त्यांचे गट कंपन्या बुडाल्या तरी चालू राहिले. ज्यांनी केले नाही त्यांच्याकडे कुलूपबंद खोल्या उरल्या.

‘जुने संगणक’ म्हणजे कोणते, हेही सांगायला हवे. दहा वर्षांपूर्वी घेतलेला आणि आता रखडत चालणारा लॅपटॉप आमच्या हिशेबी तरुणच. आम्ही बोलतो ते प्रामुख्याने १९७०च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९८०चे दशक यांतल्या यंत्रांविषयी. ज्यांची शाळा त्या काळात झाली त्यांपैकी काहींना आठवत असेल, १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यातून इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आपल्याकडच्या निवडक शाळांत आले. चपला बाहेर काढून, रांगेने, देवळात शिरावे तसे त्या खोलीत शिरायचे! पुढे १९८६ साली डेसिबेल्स या भारतीय कंपनीने इंग्लंडच्या ‘सिंक्लेअर स्पेक्ट्रम’ची परवान्याने बनवलेली आवृत्ती बाजारात आणली. घरचा टीव्ही हाच पडदा आणि गाण्यांचा टेपरेकॉर्डर हीच साठवण. कॅसेटवरून एखादा खेळ चढवायला पाचेक मिनिटे लागत, तेवढा वेळ ती कर्णकटू किरकिर ऐकायची आणि शेवटच्या क्षणी चूक झाली तर कॅसेट पुन्हा मागे फिरवायची. त्या पिढीला संयम कुठून आला असे कुणी विचारले तर एक उत्तर हेही आहे.

अशा मंडळांची कुळकथा सुरू होते ती कॅलिफोर्नियात. १९७५च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचा, घरी जोडायचा संगणक झळकला, आणि ५ मार्चच्या पावसाळी रात्री मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसे जमली. हाच तो ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. त्या पहिल्या बैठकीला स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा एक लाजाळू तरुण हजर होता आणि पुढे ‘अ‍ॅपल’चा पहिला संगणक त्याने याच मंडळींना दाखवला, ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकात शोभावी इतकी प्रसिद्ध झाली आहे. मला त्यात अधिक रस आहे तो दुसऱ्या दोन माणसांत. एक फ्रेड मूर. हा मूळचा शांततावादी कार्यकर्ता, संगणकातला पंडित नव्हे. पण आलेल्यांची नावे-पत्ते लिहून घेणे, कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय हवे आहे याची यादी करणे, ते सगळे वार्तापत्रात छापून टपालाने पाठवणे, ही कामे त्याने केली. दुसरा ली फेल्सनस्टाइन. बैठका चालवण्याचे काम पुढे त्याच्याकडे आले. त्याने बैठकीचे दोन भाग पाडले. पहिल्यात ज्याला काही सांगायचे, विचारायचे असेल त्याने उभे राहून थोडक्यात बोलायचे. दुसऱ्यात सगळ्यांनी उठायचे आणि ज्याच्याशी काम आहे त्याला जाऊन गाठायचे. बस्स, एवढेच. पण त्यामुळे बडबड्या माणसाला आवर बसला आणि बुजऱ्याला आपला माणूस सापडला. कोणत्याही मंडळाच्या बैठकीत या दोन गोष्टी साधल्या तर निम्मे काम झाले असे मी समजतो. आमच्या गटाने ही पद्धत जशीच्या तशी उचलली आहे. फक्त मधल्या वेळेत चहा घातला आहे.

होमब्रू क्लब १९८६च्या डिसेंबरात बंद झाला. त्याचे कुणाला फार वाईट वाटू नये. ज्या कामासाठी तो निघाला, म्हणजे सामान्य माणसाच्या घरात संगणक नेणे, ते होऊन गेले होते. बाजारात तयार यंत्रे मिळू लागल्यावर घरी जोडणाऱ्यांनी जमायचे कशाला? कौतुक वाटते ते उलट्या परिस्थितीत उरलेल्या मंडळांचे. कॅनडातील टोरांटो शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘कमोडोर’ कंपनीचा ‘पेट’ हा संगणक वापरणाऱ्यांचा एक गट स्थापन झाला. कमोडोरची भरभराट होती तेव्हा या गटाचे सभासद हजारोंनी होते. एप्रिल १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. नवे यंत्र निघणार नाही, सुटे भाग येणार नाहीत, जाहिराती नाहीत. बहुतेक गट अशा वेळी आटोपतात. या गटाची संख्या घटली, पण बैठका चालूच राहिल्या. एवढेच नव्हे, तर १९८३ साली सुरू होऊन मध्यंतरी बंद पडलेले ‘वर्ल्ड ऑफ कमोडोर’ हे प्रदर्शन त्यांनी २००४ साली स्वतःच्या बळावर पुन्हा उभे केले. या मंडळींचे आधारस्तंभ होते जिम बटरफील्ड. यंत्राच्या पोटात काय चालते हे साध्या भाषेत लिहून शिकवणारा असा माणूस विरळा. २००७ साली ते गेले. त्यांच्यामागेही गट चालला, याचे एक कारण मला असे दिसते की, त्यांनी आपले ज्ञान डोक्यात ठेवले नव्हते. लेखांतून, पुस्तकांतून, भाषणांतून ते आयुष्यभर वाटत राहिले होते.

हा मुद्दा किती गंभीर आहे, ते इंग्लंडमधल्या ‘कलोसस’च्या कथेवरून कळते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स या टपाल खात्याच्या अभियंत्याने बनवलेले हे यंत्र. गुप्ततेपायी युद्धानंतर बहुतेक यंत्रे मोडली, १९६० साली आराखडेही जाळले. १९९३ साली टोनी सेल यांनी ते पुन्हा उभारायचे ठरवले तेव्हा हाताशी होती थोडी छायाचित्रे, अभियंत्यांनी नियम मोडून स्वतःजवळ ठेवलेले आराखड्यांचे काही तुकडे, आणि हयात असलेल्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती. काम पुरे व्हायला २००७ साल उजाडले. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर विचारायला माणसेच उरली नसती. हेच टोनी सेल १९८९ साली ब्रिटनमध्ये विज्ञान संग्रहालय आणि ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी यांच्या आश्रयाने निघालेल्या संगणक-जतन संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. त्या संस्थेची निवृत्त, पांढऱ्या केसांची स्वयंसेवक मंडळी आणि तिचे नियमाने निघणारे वार्तापत्र पाहिले की आपल्याकडच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीची आठवण व्हावी. याच मंडळींनी १९४८ सालच्या मँचेस्टरच्या ‘बेबी’ या यंत्राची प्रतिकृती बरोबर पन्नास वर्षांनी, २१ जून १९९८ रोजी, चालवून दाखवली.

आपल्याकडे काय? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संपूर्ण संगणक घडवला गेला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. पुण्यात ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम’ महासंगणक केला. या दोन नावांचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. पण त्यांच्या दरम्यान शाळांत, बँकांत, छापखान्यांत, साखर कारखान्यांच्या कार्यालयांत जी साधी यंत्रे आली आणि गेली, ती जपावीत असे कुणाच्या मनात येत नाही. ती भंगारात जातात. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी मारली तर एखादा कळफलक पितळी तांब्यांच्या शेजारी पडलेला दिसतो. बाकीचे आतल्या तांब्यासाठी वितळून गेलेले असते.

गेले तर गेले, असे म्हणता येईल. इथे उपयोगाचा प्रश्न येतो. १९८६ साली बीबीसीने विल्यम राजाच्या ‘डूम्सडे बुक’ या नोंदवहीला ९०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने इंग्लंडचे नवे चित्र टिपले. दहा लाखांवर लोकांनी, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ, आपापल्या गावांची माहिती पाठवली. ती साठवली लेझर-तबकड्यांवर, आणि वाचायला लागत होता बीबीसी मायक्रोच्या कुळातलाच एक संगणक नि एक खास यंत्र. पंधरा-सोळा वर्षांत अशी वेळ आली की १०८६ सालची चर्मपत्रे सुखरूप वाचता येत होती, आणि १९८६ सालच्या तबकड्या वाचायची यंत्रे शोधत फिरावे लागत होते. चालू स्थितीतली यंत्रे आणि ती जाणणारी माणसे होती म्हणूनच विद्यापीठांतल्या संशोधकांना ती माहिती पुढे आणता आली.

आपली चर्मपत्रे म्हणजे फ्लॉपी. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून मराठी अक्षरजुळणी शिशाच्या खिळ्यांकडून संगणकाकडे गेली. दिवाळी अंक, स्मरणिका, ग्रामीण साप्ताहिके, प्रबंध, कुणाकुणाची आत्मचरित्रे, सगळे डीटीपीवर झाले. प्रत्येक अक्षरसंचाची भरणी वेगळी. एका संचातला ‘क’ म्हणजे दुसऱ्या संचात भलतेच काही. युनिकोड रुळण्याआधीचा हा सगळा मजकूर आजच्या संगणकावर तसाच उघडला तर पडद्यावर रोमन अक्षरे नि चिन्हांची खिचडी दिसते. काही अक्षरसंचांसाठी रूपांतराची साधने आहेत, पण मुळात फ्लॉपी वाचता आली पाहिजे, आणि संच कोणता होता हे सांगणारे कुणीतरी पाहिजे. सोनीने फ्लॉपीची विक्री २०११ साली थांबवली. आमच्याकडे लोक जे घेऊन येतात त्यात पुष्कळदा एखाद्या दिवंगत वडिलांचा छापून न झालेला मजकूर असतो. दर वेळी यश येत नाही. पण पडद्यावर ‘अर्पणपत्रिका’ हा शब्द नीट उमटला की समोरच्या माणसाचा चेहरा पाहावा. त्यानंतर उपयोग विचारायचे सुचत नाही.

तर या कामासाठी यंत्रे जिवंत हवीत, आणि यंत्रे म्हातारी होतात. कपॅसिटरमधला द्रव झिरपून तांब्याच्या रेषा खातो. घड्याळासाठी बोर्डावर बसवलेली बॅटरी गळते आणि भोवतालचे सगळे हिरवे-निळे करून टाकते. इंग्रजी यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये एका जातीचा कपॅसिटर असतो. त्याच्या आवरणाला बारीक तडे जातात, पावसाळ्यात दमट हवा आत शिरते आणि वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र चालू केले की पाच मिनिटांत खोलीभर धूर! म्हणून आमचा पहिला नियम असा की सापडलेले यंत्र ‘चालते का बघू’ म्हणून थेट प्लगला लावायचे नाही. फ्लॉपीवर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. ती न पुसता फ्लॉपी आत घातली तर वाचणारे डोकेही खराब होते आणि मग त्यापुढची प्रत्येक फ्लॉपी. ज्या चिपांच्या माथ्यावर काचेची खिडकी असते तिच्यावरचा कागद निघू द्यायचा नाही, कारण उजेडाने आतली नोंद पुसली जाते. सुटे भाग तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून मिळतात, पण दरवर्षी थोडे कमी. १९७६ साली आलेली आणि स्पेक्ट्रमच्या पोटात असलेली ‘झेड-८०’ ही चिप बंद करत असल्याचे झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त टेलिफोन अभियंत्याने घरात सुतक असल्यासारखा चेहरा केला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस चिपा मागवल्या.

हे सगळे त्या अभियंत्यांच्या हातात आहे, आणि तीच आमची काळजी आहे. डाग द्यावा तर त्यांनीच, सोल्डरिंग आयर्न त्यांच्या हातात लेखणीसारखे चालते. अशा माणसाभोवती गट आपोआप जमतो आणि आपोआप आळसावतो. बाकीचे प्रेक्षक होतात. म्हणून आम्ही एक वही केली. यंत्र उघडले की तारीख, लक्षण, काय मोजले, काय बदलले, हे सगळे मराठीत आणि हाताने लिहायचे. लिहिण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्याने करायचे नाही, शेजारी बसलेल्याने करायचे. त्यामुळे शेजारच्याला प्रश्न विचारावे लागतात. त्या वहीत विनोदही पुष्कळ आहेत (‘झुरळ काढले. चालू झाला.’), पण तिसऱ्यांदा तेच लक्षण दिसले की वही उघडून अर्ध्या तासात काम होते. यंत्रे चोरीला गेली तर मला वाईट वाटेल, पण वही गेली तर गट गेला.

दुसरी अडचण दानशूरांची. जुन्या संगणकांचा गट आहे म्हटल्यावर सोसायटीतला प्रत्येक जण माळा रिकामा करायला येतो. १९९८ सालचे प्रिंटर, पिवळे पडलेले मॉनिटर, वायरींची भेंडोळी. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नाही म्हटले नाही तर वर्षभरात बसायला जागा उरत नाही. परदेशातही छोटे गट साठवणीच्या भाड्याखाली दबतात. माझ्या मते हौशी गटाने संग्रहालय होण्याची हाव धरू नये. एका जातीची दोन यंत्रे, एक चालवायला आणि एक सुट्या भागांसाठी, यापलीकडचे नम्रपणे परत. कागदपत्रे, हस्तपुस्तिका, बिले, कॅसेट आणि फ्लॉपी मात्र कधीच नाकारू नयेत. त्यांना जागा कमी लागते आणि त्यांची दुसरी प्रत बहुधा नसते.

नव्या माणसांविषयी मतभेद आहेत. आमच्यातल्या काहींना वाटते की, मुलांना हे सगळे मोबाइलवर अनुकरण-प्रणालीत पाहता येते, मग खरे नाजूक यंत्र त्यांच्या हाती कशाला द्यायचे? मला हे पटत नाही. काचेआड ठेवलेल्या यंत्राचा गट पाच वर्षांत आठवणी काढणाऱ्या काकांचा कट्टा होतो, आणि काकांची संख्या वाढत नसते. नववीतली एक मुलगी आजोबांबरोबर आली आणि तिने विचारले, ‘‘काका, याला माउस कुठे लावायचा?’’ माउस नाही हे कळल्यावर तिला आधी दया आली. मग तिने बेसिकमध्ये दहा ओळी टाइप केल्या, यंत्राने तिचे नाव पडदाभर छापले, आणि ‘‘म्हणजे हा दुसरे काहीच करत नाहीये? फक्त मी सांगितलेले?’’ असे तिने विचारले. आजच्या कोणत्याही फोनविषयी असे म्हणता येणार नाही. ती आता वही लिहिते. तिचे अक्षर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले आहे.

जागा आणि पैसा यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. वर्गणी आहे, ती थकते, मागावी लागते. बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, कुणी आले किंवा न आले तरी. एका पावसाळ्यात दोघेच होतो. दोघांनी चहा घेतला, एक कळफलक धुतला आणि वहीत तशी नोंद केली.

सध्या एक वेगळेच काम हाती घेतले आहे. आमच्यातले तिघे सत्तरी ओलांडलेले आहेत आणि प्रत्येकाच्या घरी थोडी यंत्रे आहेत. उद्या काही झाले तर घरच्यांना काय ठेवायचे आणि काय भंगारात द्यायचे ते कसे कळावे? म्हणून प्रत्येकाने घरी एक कागद लिहून ठेवायचा ठरले: कोणती वस्तू, कुठे आहे, कुणाला द्यायची, कुणाला फोन करायचा. विषय अवघड होता, पण अभियंत्यांनी पहिला कागद लिहिला आणि सूनबाईंना वाचायला दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला, पेन मागितले आणि यादीत नसलेल्या, गॅलरीतल्या दोन मॉनिटरांपुढे लिहिले, ‘हे आत्ताच द्यावेत.’